दादाचा खर्ज आणि आबांचे कान

दादाची बेस गिटार मी पहिल्यांदा खांद्याला अडकवली तेव्हा तिच्या वजनाने चकित झाले. लांबून ती साध्या गिटारीसारखीच दिसते. मान जरा लांब, तारा फक्त चार, पण जाड. पट्टा अडकवला की डावा खांदा खाली ओढला जातो. दादाचा डावा खांदा कायम थोडा उतरलेला असायचा, आणि घरातले आम्ही सगळे ते कारखान्यातल्या कामामुळे झालं असं धरून चाललो होतो. तो गेल्यानंतर, त्याच्या खोलीत एकटीच उभी असताना, त्या खांद्याचं कारण मला कळलं.

दादा कुरकुंभच्या एका कारखान्यात नोकरीला होता. सुट्टीच्या दिवशी, आणि जयंतीच्या महिन्यात तर जवळजवळ रोज, तो आमच्या दौंडच्या वस्तीतल्या गायन पार्टीत बेस वाजवायचा. पार्टी म्हणजे मुख्य गायक, ज्यांना लहानथोर सगळे आप्पा म्हणतात, मागे कोरसला दोघं, ढोलकी, काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड, कीबोर्ड आणि दादा. दौंड, शिरूर, राहू, जिथून बोलावणं येईल तिथं सगळे एका जीपमध्ये कोंबून जायचे. वाद्यं मांडीवर, माणसं टपावर, असं दादा म्हणायचा.

बेस गिटारीला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तार छेडली तर शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल, एवढाच. तिला अँप लागतो, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र आणि स्पीकर एकाच खोक्यात बसवलेला. दादाकडे तो कधीच नव्हता. कार्यक्रमाच्या ठिकाणी तो आपली वायर साउंडवाल्याच्या हातात द्यायचा. ती मिक्सरमध्ये कुठेतरी खोचली जायची, आणि मग ढोलकी, पॅड, कोरस, टाळ्या या सगळ्या गदारोळात दादाचा खर्ज कुठे गेला ते कुणालाच सांगता यायचं नाही. दादालाही नाही. तो बोटांच्या अंदाजावर वाजवायचा आणि चेहऱ्यावर मात्र सगळं ऐकू येत असल्याचा भाव असायचा.

आमचे वडील, आबा, त्याला सोडायचे नाहीत.

"तू तिथं हुबा राहून करतोस काय रं? गाणारा गातो, ढोलकीवाला वाजवतो. तू नुसती बोटं हलवतोस."

"आबा, मी पाया भरतो."

"पाया गवंडी भरतो. तो घामेजलेला दिसतो तरी."

दादा हसायचा आणि जेवायला बसायचा. जेवताना त्याची डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर वाजत राहायची. कायम तेच. तीन ठोके जवळजवळ, मग थांबा, मग एक लांब. भाकरी तोडून झाली की पुन्हा. आबा त्याच्या मनगटावर हलकी चापट मारायचे. "अन्नाशी खेळू नको." बोटं थांबायची, आणि दोन घास झाले की परत सुरू व्हायची. आई होती तोवर तीही हसायची. ताटाचा तो आवाज आबांना ऐकू येत नव्हता. त्यांना बोटं दिसायची.

आबांनी सगळी नोकरी रेल्वेत, डिझेल इंजिनांच्या सोबत काढली. त्या घरघराटाने त्यांच्या कानांचा वरचा भाग झिजवून टाकला, असं कान तपासणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला सोप्या भाषेत सांगितलं होतं. बारीक, उंच आवाज गेले. फोनची घंटी, चिमण्या, कुकरची शिट्टी, बायकांचं बोलणं. खालचे, जाड आवाज मात्र शिल्लक होते. ट्रक, पिठाची गिरणी, दादा. माझा आवाज मुळातच बारीक आणि मी बोलते हळू. त्यामुळे मी आबांशी बोलायचे तेव्हा मध्ये दादा असायचा. मी सांगायचे, तो आबांना सांगायचा. तो गेल्यावर घरात आबा आणि वहिनी राहिले, मी शिरूरहून शनिवार-रविवार येत राहिले, आणि आबांच्या आणि माझ्यामध्ये कुणी उरलं नाही.

दादाला मूत्रपिंडाचा आजार होता. शेवटच्या काळात त्याच्या बोटांतला जोर गेला. तार दाबली तरी गिटारीच्या मानेवरच्या पडद्यावर बसायची नाही. मग मी आले की तो पलंगावर उशीला टेकून बसायचा आणि गिटार माझ्या मांडीवर द्यायचा. "मी सांगतो, तू दाब." अशी मी शिकले. फार काही नाही, पार्टीची नेहमीची गाणी, त्यांचे मूळ सूर, एकातून दुसऱ्यात उतरायच्या वाटा. अँप नव्हताच. दादा गिटारीच्या लाकडाला गाल लावून ऐकायचा. "बरोबर," म्हणायचा. "आता जरा उशिरा पड. ढोलकीच्या मागून पड. घाई कशाला?"

तो गेल्यावर पार्टीचे कार्यक्रम काही दिवस थांबले आणि मग सुरू झाले. मी एकदा ऐकायला गेले होते. गाणी तीच, आप्पांचा गळा तोच. पण काहीतरी अधांतरी वाटत होतं, खुर्चीचा एक पाय आखूड असावा तसं. शेजारची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "आज रंगत न्हाई बगा." का नाही, ते तिला सांगता आलं नसतं. मी सांगू शकले असते. घरी येताना मला पहिल्यांदाच रडू आलं.

वर्ष भरत आलं तसे आप्पा घरी आले. आमच्यात वर्षाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात. वंदना होते, माणसं आठवणी सांगतात, जेवणं होतात. दादा पार्टीचा माणूस, त्यामुळे गायन तर हवंच. भावकी वडगाव रासाईला, म्हणून कार्यक्रम तिथंच ठरला, गायन दुपार उतरल्यावर.

"बेसला एक पोरगा मिळतोय," आप्पा म्हणाले. "पण त्याला आपली गाणी ठावं न्हाईत. मोबाइलवर बघून वाजवीन म्हणतो."

"मी वाजवते," मी म्हणाले.

आप्पांनी ऐकलं. आबांनी नाही. "काय म्हणती?"

"ती वाजवणार म्हणती, बेस!" आप्पा त्यांच्या कानाशी ओरडले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या गिटारीकडे. "वाजव की. मला न्हाईतरी कुठं ऐकू येतंय."  मग म्हणाले, "एवढी वर्षं त्यानं तिथं काय वाजवलं, त्ये एकदा कानावर पडलं असतं तर बरं झालं असतं. आता काय."

त्या दिवशी मी ठरवलं. दुसऱ्या कुणाला ऐकू नाही आलं तरी चालेल. आबांना आलं पाहिजे.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. अडचण आली की माझा हात आधी पुस्तकाकडे जातो. बेसच्या अँपवर मराठीत काही सापडलं नाही, इंग्रजीत ढीगभर सापडलं. दुपारी वाचनकक्ष रिकामा झाला की मी वाचत बसायचे. खालच्या सुरांना हवा ढकलावी लागते, आणि त्यासाठी वरच्या सुरांपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. खोलीत घर दणाणून सोडणारं खोकं उघड्यावर मुकं होतं, कारण आवाजाला परत पाठवणाऱ्या भिंती नसतात. हे वाचताना मला दादाची आठवण वेगळ्याच तऱ्हेने आली. ही माहिती त्याला किती आवडली असती. त्याच्यासाठी मी आयुष्यभर कादंबऱ्या नेत होते.

पुण्याला दुकानात जाताना मी गिटार सोबत घेतली. एसटीत ती मांडीवर आडवी मावेना, म्हणून उभी धरून बसले. कंडक्टर तिकीट देताना तिला न्याहाळत म्हणाला, "मॅडम, हिचं हाफ का फुल?" मागच्या सीटवरचा म्हातारा म्हणाला, "फुल घ्या. बाईपेक्षा उंच हाय ती." सगळी बस हसली, आणि मीही.

दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी? भाऊ वाजवतात का?"

"मीच वाजवते."

"मग हा घ्या." त्याने एक छोटा, देखणा डबा पुढे केला. "घरी प्रॅक्टिसला उत्तम."

"घरी नाही. मैदानावर. ढोलकी आणि पॅडच्या शेजारी."

मी पार्टीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग फोनमध्ये नेलं होतं. ते त्याच्या मोठ्या स्पीकरवर लावायला सांगितलं आणि त्यासोबत वाजवलं. छोटा डबा पहिल्या ओळीतच हरला. आवाज वाढवला तसा तो फाटक्या कागदासारखा फडफडला. मग त्याने एकच मोठा स्पीकर असलेलं खोकं लावलं. त्याचा खर्ज खोल होता, छातीत बसणारा, पण सूर उठायला वेळ घ्यायचा. ढोलकीची थाप पडून गेली तरी माझा सूर अजून अंग सावरत होता. "ढोलकीच्या मागून पड" म्हणजे इतक्याही मागून नाही. तिसऱ्यात मध्यम आकाराचे दोन स्पीकर होते. पहिला सूर वाजवला आणि मला तो सूर दिसला. सुरुवात, पोट, शेवट, सगळं. मी तो उचलून पाहिला. एकटीने नाही, पण वहिनीसोबत जीपमध्ये चढवता येईल एवढा. मागे साउंडवाल्याला वायर द्यायची सोयही होती.

दुकानदाराने सगळ्यात खालच्या सुरांचा नॉब पूर्ण फिरवला. "बेस आहे ना, मग बेस पाहिजे की हो." शोकेसच्या काचा थरथरल्या. तो खूश झाला. मीही झाले. तसाच तो घरी आणला.

दौंडला खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला लावून ठेवला आणि आबांना खुर्चीत बसवलं. दादाच्या गाण्यांतलं काही वाजवायचं नाही, हे मी ठरवलं होतं. ती गाणी आप्पांच्या गळ्याखालीच वाजायला हवीत. मी नुसते सुटे सूर वाजवले. वहिनी स्वयंपाकघरातून आली, मांडणीवरची भांडी एका हाताने धरून ठेवत.

आबांनी कान टवकारले. "गिरणी चालू झाली व्हय?"

"आबा, मी वाजवतेय!"

"आं?"

वहिनी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "ताई वाजवत्यात!"

"ही गिरणीच हाय," आबा ठामपणे म्हणाले. "ज्वारी पडलीय आत."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांना काहीतरी ऐकू आलं होतं. मी अँप कोपऱ्यातून ओढून खोलीच्या मध्ये आणला. खालच्या सुरांचा नॉब कमी केला. दुकानदाराच्या सल्ल्याच्या अगदी उलट, मधल्या सुरांचा थोडा थोडा वाढवत गेले. दर वेळी तेच चार सूर, वरून खाली. आबा डोळे मिटून बसले होते. खोलीतला घुमारा विरत गेला आणि सूर सुटे होत गेले.

"आता?" मी त्यांच्या गुडघ्याला हात लावून विचारलं.

आबांनी डोळे न उघडता हात वर केला, थांब म्हणून. "आता कुणीतरी जिना उतरतंय."

वहिनीने भांडी सोडली. एक वाटी खाली पडली. आबांना ती ऐकू आली नाही, त्यांना जिना ऐकू येत होता. मी तो पुन्हा उतरले. पुन्हा. त्या शनिवारी आबांनी मला अर्धी दुपार उतरवलं आणि चढवलं, आणि प्रत्येक नॉब कुठे ठेवायचा ते त्यांच्या चेहऱ्यावरून ठरलं. कुठल्याही पुस्तकात तो चेहरा नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही जेवणाच्या आधीच वडगाव रासाईला पोचलो. नदीकडच्या बाजूला, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या शेतात मांडव होता. स्टेज गावाकडे बांधतात तसं बांधलं होतं. रिकामी लोखंडी पिंपं उभी करून त्यांवर फळ्या, फळ्यांवर सतरंजी. मागे दादाचा मोठा फोटो, हार घातलेला. दोन्ही बाजूंना साउंडवाल्याच्या स्पीकरच्या भिंती.

साउंडवाल्याने माझा अँप पाहिला आणि त्याला हसू आवरेना. "मॅडम, हा रेडिओ कशापायी आणला? आपल्याकडं हायेत ना एवढी खोकी. वायर द्या इकडं, कान फोडून दावतो."

"कान फुटलेलेच आहेत," मी म्हणाले. "त्यांनाच ऐकवायचं आहे."

त्याला काही कळलं नाही, पण वायर त्याने घेतली आणि अँप स्टेजवर चढवून दिला. मी दादा उभा राहायचा त्या जागी, ढोलकीच्या उजव्या अंगाला उभी राहिले. आबा समोर पहिल्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात, खुर्चीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून.

वंदना झाली, जेवणं झाली, आप्पांनी सूर लावला. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी पहिली तार छेडली.

फळ्यांखालची पिंपं बोलायला लागली. माझा प्रत्येक सूर अँपमधून निघून फळ्यांत शिरत होता, फळ्यांतून पिंपांत, आणि त्या सगळ्या रिकाम्या पोटांतून एकच घुमारा बाहेर येत होता. कुठलीही तार छेडा, उत्तर तेच. माइकचे स्टँड थरथरू लागले. आप्पांच्या गळ्यावर तो घुमारा चढला. त्यांनी मागे हात करून मला आवाज कमी करायला सांगितलं. मी कमी केला, तर मी गेलेच. वाढवला, तर पिंपं आली. समोर आबा. चेहरा कोरा. मी नुसती बोटं हलवत होते.

गाणं संपलं. माझं डोकं वाचनकक्षात असतं तसं शांत झालं. खोली नव्हती, कोपरा नव्हता, तरी गिरणी चालू होती. म्हणजे गिरणी स्टेजची होती.

मी आप्पांजवळ गेले. "आप्पा, अँप खाली घ्यायला लागेल. मातीवर."

"खाली?" आप्पांनी माइकवर हात ठेवला. "खाली न्हाई."

"स्टेज पोकळ आहे, त्याच्यावर..."

"पोरी, तुला सांगतो." त्यांचा आवाज कडक झाला नव्हता, पण बदलला होता. "माझा बाप गायला जायाचा, तवा त्याला खाली बसवायचे. चपला काढत्यात तिथं. वाद्यंबी तिथंच. मी पार्टी काढली त्या दिवशी सांगितलं सगळ्यांना, आपलं एकबी वाद्य जमिनीला टेकणार न्हाई. झांज असो नाहीतर टाळ असो. तुझ्या दादानं उभ्या जन्मात गिटार खाली ठेवली का?"

नव्हती ठेवली. जीपमध्येसुद्धा मांडीवर. मला ते ठाऊक होतं, कारण मात्र ठाऊक नव्हतं.

मला जोरात बोलता येत नाही. मी आप्पांच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "आप्पा, आबांना एकदाच ऐकायचंय, दादा काय वाजवायचा ते. वरून ऐकू जात नाही. मी एकटी खाली उतरते. तुम्ही सगळे वरच थांबा."

आप्पांनी समोर पाहिलं. आबा तसेच बसले होते, दांड्यावर हात, कार्यक्रम संपायची वाट बघणाऱ्या माणसासारखे. मग आप्पा वळले, दादाच्या फोटोकडे पाहिलं, आणि माइक स्टँडवरून काढला.

"समाजबांधवांनो, जरा दम धरा," ते म्हणाले. "आमची पोरगी म्हणती, तिला जमिनीवरनं वाजवायचंय. आता लेकरू खाली आन् म्हातारा वर, हे काय बरं दिसत न्हाई." आणि आप्पा स्टेजच्या पायऱ्या उतरले. मागून ढोलकी उतरली. कोरसवाला उतरताना पुटपुटला, "मांडी घालून बसलो हुतो आत्ताच." पॅड उतरलं, कीबोर्ड उतरला. साउंडवाला डोक्याला हात लावून वायरी ओढत धावला. "आवो, ही काय वरात हाय का! माइक पुरायचे न्हाईत!"

"पुरवा," आप्पा म्हणाले.

मांडवातली माणसं उठून उभी राहिली. स्टेज रिकामं झालं. वर फक्त दादाचा फोटो राहिला, आणि त्याच्यासमोर, त्याच्याकडे पूर्ण पाठ होऊ न देता, तिरपे, अर्धगोलात आम्ही सगळे मातीवर. अँप मी घट्ट मातीवर टेकवला आणि त्याचं तोंड आबांच्या खुर्चीकडे केलं. आप्पांनी वाकून अँपभोवतीची माती हाताने सपाट केली. मग उभे राहून माइकमध्ये म्हणाले, "खाली बसवलं हुतं, तवा नाइलाज हुता. आज आपण आपल्या पायानं उतरलोय. वर त्याला बसवलंय."

टाळ्या पडल्या त्या गाण्याच्या आधीच.

मग ते गाणं. दादाचं आवडतं. ढोलकीने दोन थापा दिल्या आणि मी जरा उशिरा, तिच्या मागून पडले. मातीने आवाज गिळला नाही आणि फुगवलाही नाही. सूर जसा होता तसा बाहेर पडला. तीन जवळजवळ, थांबा, एक लांब. आप्पांचा गळा त्याच्यावर येऊन बसला आणि मला पहिल्यांदा कळलं की दादा पाया म्हणायचा तो काय असतो. माझ्या अंगातून तो जात होता. तीन जवळजवळ, थांबा, एक लांब.

दुसऱ्या कडव्याला आबांचा डावा हात दांड्यावरून उठला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला आणि स्वतःच्याच बोटांकडे पाहिलं. मग हात परत दांड्यावर ठेवला आणि बोटं वाजवली. तीन जवळजवळ. थांबा. एक लांब.

ते उभे राहिले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा येतो ते कळत नाही. गाणं चालू असताना, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे ते ओरडले, "अगं, हे तर ताटावरचं! हे तो ताटावर वाजवायचा!"

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडत होती. आप्पांनी ओळ सोडली नाही, पण ती गाता गाता मान डोलावली. व्हय, तेच. आबा माझ्याकडे आले. अँपच्या पुढ्यात उकिडवे बसले, म्हातारा माणूस शेकोटीपुढे बसतो तसे, आणि दोन्ही तळवे स्पीकरकडे केले. मी वाजवत राहिले. माझं एकही वाक्य इतक्या नीट त्यांच्यापर्यंत कधी गेलं नव्हतं.

साउंडवाला मिक्सरमागून उठला, मांडवाच्या पार टोकाला गेला, तिथून मान वाकडी करून ऐकलं आणि परत येताना माझ्याजवळ थांबला. "मॅडम, रेडिओ मागपर्यंत येतोय. आमच्याकडनं लई थोडा मिसळतो, चालंल?"

"चालेल."

"न्हाई, म्हंजी, तुमचा बिघडणार न्हाई असा."

आम्ही अंधार पडायच्या आत संपवायचं ठरवलं होतं, पण माणसं उठेनात. एकेक फर्माईश येत गेली. प्रत्येक गाण्यात आबा दादाला शोधत होते आणि सापडला की शेजारच्याला कोपराने ढोसून दाखवत होते. "हे, हे खालचं. गाणं न्हाई रं, गाण्याच्या खालचं. हे माझ्या पोराचं." माणसं वाकून ऐकायची आणि माना हलवायची. गाण्याच्या खालचं असं काही असतं, हे त्या संध्याकाळी वडगावात पुष्कळ जणांना समजलं असावं. शेवटी साउंडवाल्यानेच अँप उचलून जीपमध्ये ठेवला आणि माझ्या हाताला लागू दिला नाही. निमोण्याहून आलेले एक पाहुणे आप्पांना त्यांच्या गावच्या कार्यक्रमाचं विचारत होते, आणि आप्पा म्हणाले, "हिला विचारा, आमच्या बेसवालीला." मी हो म्हणाले. मोठ्याने.

दौंडला घरी आलो. वहिनीने पिठलं टाकलं. आबा ताटावर बसले, पहिला घास घेतला आणि डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर वाजवायला लागले. दोन ठोके, थांबा, दोन लांब. साफ चुकलेलं.

मी त्यांच्या बोटांवर हात ठेवला आणि कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "आबा, तीन आहेत. आणि शेवटचा एकच."

आबांनी माझा हात बाजूला केला. "मला नको सांगू," ते म्हणाले. "मी ऐकलंय."